दुसरी लाइन कशासाठी?

ऑनलाइन पोकरमध्ये पत्ते सर्व्हरवर पिसले जातात, सर्व्हरवरच वाटले जातात आणि लावलेले पैसेही तिथेच जमा असतात. खेळाडूच्या हाती उरते ती इंटरनेटची एक जोडणी. ती तुटली तरी खेळ थांबत नाही, घड्याळ चालू राहते. म्हणून नियमाने पैसे लावून खेळणारे पुष्कळ लोक घरात दुसरे कनेक्शन राखून ठेवतात. ही साधी खबरदारी आहे, की खेळ सोडता येत नसल्याचे लक्षण? वरवर तांत्रिक दिसणाऱ्या या प्रश्नाच्या दोन बाजू इथे समोरासमोर ठेवल्या आहेत.

एक बाजू भाचीची. ती कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागात राहते, डेटाचे काम करते आणि सुट्टीच्या दिवशी पोकरच्या टुर्नामेंट खेळते. ओंटारिओ प्रांताने 4 एप्रिल 2022 पासून परवानाधारक खासगी कंपन्यांना ऑनलाइन जुगाराची बाजारपेठ खुली केली. खेळणाऱ्याचे वय किमान 19 हवे. दुसरी बाजू तिच्या मामांची. त्यांची सगळी नोकरी पुण्यात, दूरसंचार खात्याची एक्स्चेंज सांभाळण्यात गेली. सध्या ते तिच्याकडे राहायला आले आहेत.

मामा: तुझ्या टेबलाखाली दोन राउटर आहेत. एक घराचा असणार. दुसरा कसला?

भाची: त्यात सिमकार्ड आहे, मामा. फायबर गेलं की घरचं नेट आपोआप मोबाइल डेटावर वळतं. रविवारच्या टुर्नामेंटसाठी घेतला.

मामा: एक्स्चेंजमध्ये आम्ही 48 व्होल्टची बॅटरी बँक ठेवायचो. वीज गेली तर बॅटरी, बॅटरी उतरायला लागली तर डिझेल जनरेटर. कारण रात्री दोन वाजता कुणाला डॉक्टरला फोन लावायचा असेल, तर त्याला डायल टोन मिळालाच पाहिजे. लाइन मेली तर कुणाच्या तरी जिवावर बेतायचं. तुझं एवढं काय खोळंबतं?

भाची: जिवावर बेतत नाही, हे कबूल. पण खोळंबतं काय ते ऐका. माझी पाळी आली की निर्णयाला पंधरा-वीस सेकंद मिळतात. वर टाइम बँक असते, म्हणजे राखून ठेवलेले आणखी काही सेकंद. तेही संपले की सॉफ्टवेअर माझ्या वतीनं ठरवतं. समोर कुणी पैसे लावलेले नसतील तर चेक करतं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देतं; लावलेले असतील तर माझे पत्ते टाकून देतं.

मामा: म्हणजे तीन पत्तीतलं पॅक.

भाची: तेच. हातात दोन एक्के असले तरी पॅक. आणि टुर्नामेंटमध्ये नुकसान त्या एका डावापुरतं राहत नाही. माझी खुर्ची रिकामी धरत नाहीत. मला पत्ते वाटले जातात, ब्लाइंड, म्हणजे पाळीपाळीनं आधीच भरायची सक्तीची रक्कम, कापले जातात आणि पत्ते फेकले जातात. ऑनलाइन टेबलावर अर्ध्या तासात तीस-पस्तीस डाव होतात. नऊजण बसलेले असले तर त्या साधारण चार फेऱ्या. एका फेरीत एक मोठा ब्लाइंड, त्याच्या निम्मा छोटा आणि अँटी, म्हणजे ब्लाइंडखेरीज भरायची सक्तीची रक्कम, मिळून साधारण अडीच मोठे ब्लाइंड जातात. माझ्याकडे तीस मोठे ब्लाइंड असतील, तर अर्ध्या तासात त्यातले दहा गेले. एकही निर्णय न घेता तिसरा हिस्सा संपला.

मामा: आणि टुर्नामेंट नसेल, साधं पैशांचं टेबल असेल तर?

भाची: तिथे धोका कमी. चालू डावात जेवढे टाकले तेवढे जातात. नंतर साइट मला बाजूला बसवते, आणि थोड्या वेळानं टेबलावरून उठवते; माझे उरलेले पैसे खात्यात परत येतात. आणखी एक, मी आधीच ऑल-इन झालेले, म्हणजे समोरचे सगळे पैसे लावून बसलेले असेन तर लाइन असली काय, नसली काय, फरक पडत नाही. उरलेले पत्ते सर्व्हर उघडतो आणि ज्याचा हात मोठा त्याला पैसे मिळतात. तेव्हा दुसऱ्या लाइनची खरी गरज आहे टुर्नामेंटला, आणि तीही निर्णय बाकी असताना.

मामा: मग माझा पहिला आक्षेप साइटवरच आहे. ग्राहकाची लाइन तुटली हे सर्व्हरला लगेच कळतं. कळत असताना त्याचे पत्ते फेकून द्यायचे आणि त्याचे ब्लाइंड कापायचे, हा कुठला न्याय? आमच्याकडे लाइन बंद राहिली तर ग्राहक भाड्यात सूट मागायचा, आणि ती द्यावी लागायची. दुसरी लाइन घेण्याचा खर्च खेळणाऱ्यानं का करायचा?

भाची: साइट्सनी ते करून पाहिलंय, मामा. ऑनलाइन पोकरच्या सुरुवातीच्या वर्षांत डावाच्या मध्येच लाइन तुटली तर तुम्हाला ऑल-इन धरायचे. म्हणजे तोपर्यंत जेवढे पैसे टाकले तेवढ्यापुरता तुमचा हक्क शाबूत. बाकीचे आपसात पुढे खेळत राहायचे आणि शेवटी तुमचा हात मोठा निघाला तर तेवढा वाटा तुम्हाला मिळायचा. चोवीस तासांत असं किती वेळा चालेल याला मर्यादा असायची.

मामा: हे तर रास्त वाटतं.

भाची: वाटतं खरं. पण समजा, समोरच्यानं मोठी रक्कम लावली. मी अर्धवट पत्त्यांवर बसलेय. पैसे भरायची इच्छा नाही, पत्ते सोडायचे नाहीत. मी काय करणार? वायर उपटणार. शेवटपर्यंतचे पत्ते फुकटात बघायला मिळतात. लोकांनी नेमकं तेच केलं. तुटलेली वायर आणि उपटलेली वायर, सर्व्हरकडून बघितलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून ती सवलत हळूहळू बहुतेक ठिकाणी बंद झाली आणि लाइन सांभाळणं खेळाडूवर आलं. माझ्या मते ते योग्यच झालं. ज्या गोष्टीची खरी-खोटी शहानिशा करता येत नाही, तिची भरपाई टेबलावरच्या इतरांकडून मागायची नाही.

मामा: तुझा मुद्दा पटतो, पण पूर्ण नाही. लाइन एकट्याची गेली आणि गावाची गेली यात फरक आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर ग्राहकाच्या घरातली वायर कुरतडली जाणं वेगळं आणि जेसीबीनं मुख्य केबल तोडणं वेगळं.

भाची: हाच फरक बुद्धिबळात फार लख्ख दिसला. 2020 मध्ये कोविडमुळे ऑलिम्पियाड ऑनलाइन झालं. उपांत्यपूर्व फेरीत भारत आणि आर्मेनिया समोरासमोर होते. निहाल सरीनविरुद्ध खेळणाऱ्या आर्मेनियाच्या हायक मार्टिरोस्यानचं कनेक्शन तुटलं आणि तो घड्याळावरची वेळ संपून हरला. आर्मेनियानं अपील केलं, ते फेटाळलं गेलं, आणि निषेध म्हणून त्यांचा संघ पुढची फेरी न खेळताच बाहेर पडला. त्यानंतर 30 ऑगस्टला अंतिम सामना झाला, भारत विरुद्ध रशिया. त्या दिवशी जगभर इंटरनेटचा मोठा बिघाड झाला. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांची कनेक्शन तुटली आणि दोघंही वेळ संपून हरले. भारतानं अपील केलं. जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या अध्यक्षांनी भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्णपदक जाहीर केलं.

मामा: आर्मेनियाच्या त्या पोराला काय वाटलं असेल! त्याची लाइन गेली तर हार, आपल्यांची गेली तर सुवर्ण.

भाची: मलाही ते टोचतं. पण निकष तुम्ही आत्ता सांगितलात तोच होता. एकाच खेळाडूच्या बाजूची अडचण त्याच्या अंगावर. जगाची अडचण कुणा एकाच्या अंगावर टाकायची नाही. पोकरमध्येही साइटचा सर्व्हरच बसला, तर टुर्नामेंट रद्द करून पैसे कसे वाटायचे याचे नियम असतात. माझ्या घरची वायर तुटली, तर नियम एकच: तुमचं तुम्ही बघा. म्हणून मी माझं बघते.

मामा: बघतेस, ते ठीक. आता मला माझ्या धंद्यातलं विचारू दे. ही दुसरी लाइन खरोखर दुसरी आहे का? आमच्याकडे कागदावर दोन रूट असायचे, आणि प्रत्यक्षात दोन्ही केबल एकाच चरातून गेलेल्या. खणणाऱ्याचा एक घाव आणि दोन्ही मेल्या. म्हणून पुढे फायबरच्या रिंग आल्या. एका बाजूनं तुटलं तर वाहतूक उलट्या बाजूनं फिरून येते. पण रिंगच्या दोन्ही बाजू एकाच पुलावरून नेल्या असतील तर ती रिंग नावालाच.

भाची: याचं सगळ्यात मोठं उदाहरण इथलंच आहे. 8 जुलै 2022, शुक्रवार. रॉजर्स ही इथली मोठी दूरसंचार कंपनी. पहाटे तिच्या कोअर नेटवर्कमध्ये राउटरच्या मांडणीत बदल करताना एक फिल्टर निघून गेला. मार्गांच्या माहितीचा एवढा लोंढा आला की कोअर राउटर कोसळले. त्या कंपनीचा मोबाइल आणि घरचं इंटरनेट एकाच कोअरवर होतं. एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहकांचं दोन्ही एकदम गेलं. देशभर दुकानांत डेबिट कार्ड चालेना, अनेकांचा आणीबाणीचा 911 नंबर लागेना.

मामा: दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरांचे फोन तरी चालू होते का?

भाची: तेही त्याच नेटवर्कवर! त्यांना आपसात बोलायला दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्ड शोधावी लागली. पुढे कंपनीनं मोबाइल आणि वायरलाइनचे कोअर वेगळे करायचं जाहीर केलं. त्या दिवशी ज्यांच्या घरी रॉजर्सचं नेट आणि खिशात रॉजर्सचाच फोन होता, त्यांचा हॉटस्पॉट काहीच कामाचा नव्हता. फायडो वापरणाऱ्यांचंही तेच, कारण नाव वेगळं असलं तरी फायडो हा रॉजर्सचाच ब्रँड. म्हणून सिम घेताना दुकानावरची पाटी बघायची नाही, मागे कुणाचं नेटवर्क आहे ते बघायचं. बेल आणि टेलस या दोन कंपन्यांचंही तसंच, दोघी टॉवरांचं जाळं मोठ्या प्रमाणावर वाटून घेतात. मी घरचं नेट आणि मोबाइल दोन वेगळ्या गटांचं ठेवलंय, ते एवढ्यासाठी.

मामा: आणि वीज?

भाची: विजेचं काय?

मामा: फायबरच्या डब्याला वीज लागते, राउटरला वीज लागते, तुझ्या त्या सिमच्या राउटरलाही लागते. तिन्ही एकाच पट्टीत खोचलेत. ही पट्टी म्हणजे माझा एकच चर.

भाची: लॅपटॉपला बॅटरी आहे, पण राउटरला नाही, खरंय. इथे डिसेंबर 2013 मध्ये बर्फाचं वादळ झालं तेव्हा टोरांटोत तीनेक लाख ग्राहकांची वीज गेली होती. कुणाकुणाकडे ती बरेच दिवस आली नाही.

मामा: छोटा यूपीएस घे. डबा आणि राउटर मिळून वीस-तीस वॅट खातात. त्यावर बराच वेळ निघतो. पण टॉवरलाही बॅटरीच असते आणि ती काही तासांची, हे विसरू नकोस. शिवाय गावाची वीज गेली की सगळं गाव मोबाइलवर येतं. रेंजच्या कांड्या पूर्ण दिसतात आणि डेटा हलत नाही. आता मला सांग, हा राउटर तू कधी चालवून बघितलास का?

भाची: लावला तेव्हा दिवा हिरवा झाला होता.

मामा: दिवा? आम्ही ठरलेल्या दिवशी मेन बंद करून एक्स्चेंजचा भार डिझेलवर टाकून बघायचो. भार घेऊन तपासला नाही तर जनरेटर म्हणजे नुसतं लोखंड. खोट्या पैशांच्या टेबलावर बस आणि काढ फायबरची वायर.

भाची सरावाच्या टेबलावर बसली. तिची पाळी आल्यावर तिने मागे हात घालून वायर उपटली. काही क्षण पडद्यावर काहीच बदलले नाही; टेबल जसेच्या तसे गोठलेले, फक्त समोरच्या खेळाडूंच्या नावांभोवतीचे वर्तुळ फिरत नव्हते. मग 'पुन्हा जोडत आहे' अशी पाटी आली. मेन लाइन खरोखर गेल्याची खात्री राउटर एकामागून एक हाका मारून करत होता. खात्री पटल्यावर त्याने सिमकडे वळण घेतले. वळण घेताच नेटवरचा पत्ता बदलला, त्यामुळे साइटने जुने सत्र तोडले आणि नव्याने लॉगिन मागितले. लॉगिन झाल्यावर ती ओंटारिओतच आहे ना, याची तपासणी पुन्हा सुरू झाली. टेबल परत दिसले तेव्हा पुढचा डाव वाटून झालेला होता.

मामा: टाइम बँक पुरली नाही.

भाची: नाही पुरली. पत्ते गेले. आता फोननं करून बघू. याच साइटचं ॲप फोनवर आहे. वाय-फाय बंद, नुसता मोबाइल डेटा.

मामा: वाय-फाय बंद कशाला?

भाची: राउटर चालू असला की फोन वाय-फायला चिकटून राहतो, पुढे इंटरनेट नसलं तरी. त्यात बराच वेळ जातो. बघा, ॲप आधीच उघडं आहे. आता वायर काढते आणि फोनवरून आत शिरते. लॅपटॉपवरचं सत्र बंद झालं, खुर्ची फोनवर आली, आणि टाइम बँक अजून शिल्लक आहे.

मामा: म्हणजे महागड्या राउटरपेक्षा खिशातला फोन बरा. मग आता हिशेब करू, तुझ्या आवडीचा. घरचं नेट किती वेळा जातं?

भाची: महिन्यातून एकदा, अर्धा तास, असं धरा.

मामा: महिन्याचे तास 720. तू खेळतेस किती?

भाची: 40 तास धरा.

मामा: नेट गेलं तेव्हा तू खेळत असण्याची शक्यता अठरात एक. आता अर्ध्या तासात तिसरा हिस्सा जातो हे तूच सांगितलंस. तुझ्या खुर्चीची किंमत त्या वेळी तीनशे डॉलर असली, तर नुकसान शंभराचं. शंभर भागिले अठरा, महिन्याला साडेपाच डॉलर. त्या जादा सिमचं भाडं किती?

भाची: वीस डॉलर. म्हणजे साडेपाच डॉलरचा धोका टाळायला मी वीसचा विमा भरतेय. थोडी सूट द्या मात्र. नेट वादळात जातं, आणि इथे उन्हाळ्यात वादळं बहुधा दुपारनंतर येतात, म्हणजे माझ्या खेळायच्या वेळेलाच. शिवाय टुर्नामेंटच्या शेवटी खुर्चीची किंमत तीनशेच्या कितीतरी पट असते.

मामा: दुप्पट धर.

भाची: दुप्पट धरूनही अकरा. पटलं. सिमचा राउटर परत करते. फोनचं बिल मी तसंही भरतेच, त्यामुळे तो विमा फुकटात पडतो. फक्त त्याचं नेटवर्क वेगळं हवं आणि यूपीएस हवा. दोन्ही लाइन एकत्र गुंफून देणाऱ्या सेवाही मिळतात. त्यात एक तार तुटली तरी पत्ता बदलत नाही. पण सगळी वाहतूक त्यांच्या सर्व्हरमधून जाते, म्हणून साइटला ती व्हीपीएनसारखी दिसते. खेळाडू प्रांताच्या हद्दीत आहे याची खात्री करणं इथे साइटला बंधनकारक आहे. व्हीपीएन दिसला की ती आत घेत नाही, आणि तिनं तसंच करावं.

मामा: हद्दीवरून आठवलं. आपल्याकडे भारतात आता हा प्रश्नच उरलेला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. 20 तारखेला लोकसभेत मंजूर, 21 ला राज्यसभेत, 22 ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्यात ठेवलाच नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण कायद्यानं त्याला भरडला गेलेला माणूस मानलंय.

भाची: म्हणूनच पुण्याला आल्यावर मी हे ॲप उघडत नाही. तिकडून व्हीपीएन लावून इथे असल्याचं भासवणं म्हणजे साइटशी केलेलं खोटं. पैसे जप्त झाले तर तक्रार करायला तोंड उरत नाही. पुण्यातल्या कुणी या आपल्या बोलण्यातून तशी युक्ती शोधू नये.

मामा: आता माझा मुख्य आक्षेप ऐक. आत्तापर्यंतचे सगळे तारेचे होते. टेलिफोनच्या सेवेला शेवट नसतो. एक्स्चेंज रात्रंदिवस चालायलाच हवं, म्हणून आम्ही स्टँडबायवर स्टँडबाय ठेवले. खेळणाऱ्या माणसाला मात्र शेवट लागतो. त्यानं उठायला हवं, जेवायला हवं, झोपायला हवं. तू जी यंत्रणा उभी करतेस ती त्याच्या उठण्याची कारणं एकेक करून काढून टाकते. वीज गेली तरी उठायचं नाही, फायबर गेलं तरी उठायचं नाही. आणि टेबलावरच्या सगळ्यांची बेरीज केली तर ती वजाच निघते, कारण प्रवेश फीतून कंपनीनं आपला हिस्सा आधीच काढलेला असतो. अशा खेळात जितका जास्त वेळ बसवशील, तितकं बहुतेकांचं जास्त जाणार.

भाची: कंपनीचा हिस्सा खरा आहे, आणि बहुतेक लोक दीर्घकाळात हरतात हेही खरं. मी माझी महिन्याची रक्कम आधी ठरवते आणि खात्याला तेवढीच मर्यादा लावते. इथल्या परवानाधारक साइट्सना तशी सोय द्यावी लागते. पण वायर तुटणं हा उठण्याचा इशारा आहे, हे मला मान्य नाही. वायर माझ्याकडे बघून तुटत नाही. मी भानावर असताना, चांगली खेळत असतानाही तुटते आणि चुकत असतानाही चालूच राहते. तारेच्या भरवशावर संयम ठेवणारा माणूस चांगली लाइन मिळाल्या दिवशी बुडेल. संयमाची व्यवस्था वेगळी करावी लागते.

मामा: हे चांगलं बोललीस. पण मग दुसरी लाइन कशासाठी ते आधी ठरव. आमच्याकडे बॅटरीवर गेलो की नियम बदलायचे. बॅटरीवर नवं काम काढायचं नाही, चाचण्या थांबवायच्या, जे चालू आहे तेवढं टिकवायचं आणि मेन आणायच्या मागे लागायचं. कारण तुम्ही शेवटच्या आधारावर उभे आहात, त्याच्या खाली काही नाही. तू काय करतेस? फायबर गेलं की फोनवरून पहिल्यासारखीच खेळत राहतेस.

भाची: तुमचा नियम मी माझ्या भाषेत मांडते. फोनवर आले की नवी टुर्नामेंट घ्यायची नाही. ज्यात बसलेय ती पूर्ण करायची. पैशांच्या टेबलावर असेन तर चालू डाव संपवून उठायचं, पुढचा ब्लाइंड भरायचा नाही. एकाच वेळी दोन-तीन टेबलं चालू असतील तर सगळ्यात मोठ्या टेबलाला आधी लक्ष द्यायचं, कारण फोनच्या छोट्या पडद्यावर सगळीकडे सारखा निर्णय घेता येत नाही.

मामा: आणि हरलेले भरून काढायला फोन उघडायचा नाही.

भाची: ते तर कुठल्याच लाइनवर नाही. पण बरोबर, तेही लिहून ठेवते. फायबर गेल्याचा राग आणि डाव गेल्याचा राग एकत्र आला की माणूस बेभान खेळतो. वायर तुटल्यानंतरची पहिली पाच मिनिटं पोकरमध्ये सगळ्यात धोक्याची असतात. तेव्हा दुसरी लाइन हाताशी असणं घातकही ठरू शकतं, हे मला तुमच्यामुळे दिसलं.

मामा: मी अजूनही म्हणतो की पैसे लावून खेळूच नये. आपल्या देशानं कायदा केला तो बरोबर केला, असं मला वाटतं. किती घरं यात बुडाली ते आपण ऐकलंय.

भाची: मी अजूनही म्हणते की सज्ञान माणसाला परवान्याच्या चौकटीत, ठरलेल्या रकमेत खेळायचा हक्क आहे, आणि बंदी घातली की लोक अशा ठिकाणी जातात जिथे कसली चौकटच नसते. तुमचं-माझं यावर एकमत होणार नाही, मामा.

मामा: नाहीच होणार. पण खेळणारच असशील, तर दुसऱ्या लाइनचं काम तुला कळलंय. हातातलं काम नीट पुरं करून उठता यावं, म्हणून ती ठेवायची. उठावंच लागू नये म्हणून ठेवली, तर तुझं नुकसान तारेनं नाही, त्या दुसऱ्या लाइननंच होणार.

मामांचे हे शेवटचे वाक्य माझ्या मते पोकरखेळाडूने जवळ ठेवावे. राखीव कनेक्शन घेणे शहाणपणाचे आहे, पण त्याला अटी आहेत. ते वेगळ्या नेटवर्कचे असावे, त्याची वीज वेगळी असावी, आणि पैसे लावण्याआधी वायर उपटून ते तपासलेले असावे. जे फोनने फुकट साधते त्यासाठी वेगळे भाडे भरू नये. हद्द लपवण्यासाठी ते कधीही वापरू नये. आणि ते सुरू झाल्यावर काय करायचे नाही, याचा नियम लाइन चालू असताना, डोके शांत असताना लिहिलेला असावा. या अटी पाळायच्या नसतील, तर एका लाइनवर खेळावे आणि ती गेली की त्या दिवसापुरते थांबावे. त्यात ब्लाइंड जातील, पण उठता येईल.